अप्पांचं एक्स्चेंज

भाड्यानं खोली बघायला गेलं की आपल्याकडं पहिला प्रश्न आडनावाचा असतो. सरळ कुणी विचारत नाही. 'गाव कोणतं', 'पाहुणे कुठले', 'घरात खाणंपिणं कसं' असं गोल गोल फिरवत शेवटी आडनावाच्या दावणीला आणून बांधतात. मी शिक्षक म्हणून बीडला बदलून आलो तेव्हा अशा बऱ्याच घरांच्या ओसरीवरून नुसता चहा पिऊन परत आलो होतो. काही ठिकाणी तर चहाही आला नाही.

अप्पांनी मात्र दार उघडलं आणि माझ्याकडं न बघता माझ्या खांद्यावरच्या कीबोर्डकडं बघितलं. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, अंगात बनियन, कानावर पेन्सिल.

"ह्याचा आवाज बाहेर कुटून पडतो?"

"मागून," मी म्हणालो.

"आन् जातो कुटं?"

"मिक्सरला."

"मिक्सरला तार खुपसताना आवाज खाली करता का तसाच ठिवता?"

मी आमच्या भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. आमच्या पार्टीत आवाज खाली करायची पद्धतच नव्हती. तरी खोलीची गरज होती म्हणून म्हणालो, "खाली करतो."

"मग ऱ्हावा. वरच्या दोन खोल्या हायत."

आडनाव त्यांनी भाडेकरार करतानाही नीट ऐकून घेतलं नाही. काकूंनी चहा आणला, तो ती दोघं ज्या कपांतून प्यायची त्याच कपांतून. तेवढ्यानं माझं काम झालं. मी त्या घरात राहिलो तो आजतागायत राहिलोय, आणि अप्पा मात्र नाहीत.

खालच्या मधल्या खोलीत त्यांच्या वडिलांच्या कापडदुकानातलं सागवानी कपाट होतं. ज्या खणांत एके काळी धोतरजोड्या आणि लुगडी असायची, तिथं आता धातूच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवलेल्या. प्रत्येक पट्टीवर फिरवायची बटणं आणि पेन्सिल जेमतेम आत जाईल अशी भोकं. या भोकातून त्या भोकात रंगीबेरंगी तारा. याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात, हे मला पुढं कळलं. माझ्या कीबोर्डात कंपनीनं आतल्या आत सगळं जोडून दिलेलं असतं. एक बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की बासरी. अप्पांच्या कपाटात काहीच जोडलेलं नव्हतं. आवाज काढणारा वेगळा, तो गाळणारा वेगळा, बाहेर सोडणारा वेगळा, आणि तुम्ही तार लावेपर्यंत यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही.

अप्पा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. अगदी सुरुवातीला, हातानं कॉर्ड लावून कॉल जोडून द्यायचे त्या काळात लागले, आणि सगळं आपोआप जोडलं जायला लागल्यावर निवृत्त झाले. मग घरी बसून कुठून कुठून सुटे भाग मागवून, कथिलाचे डाग देऊन देऊन त्यांनी हे मशीन उभं केलं. गल्ली त्याला 'अप्पांचं एक्स्चेंज' म्हणायची. कित्येकांची खरोखरच समजूत होती की अप्पांनी सरकारी सामान घरी आणलंय आणि अजून चोरून लाइनी चालवतात. मोबाईलची रेंज गेली की लोक ओसरीवर येऊन म्हणायचे, "अप्पा, जरा बगा की." अप्पा गंभीरपणे म्हणायचे, "बगतो." थोड्या वेळानं रेंज यायचीच. मग एखादा कोथिंबिरीची जुडीही देऊन जायचा आणि अप्पा ती घ्यायचे.

मला वाटलं होतं, मी वाजवणारा माणूस, आठवड्यात हे मशीन खिशात घालीन. पहिले कित्येक रविवार त्यांनी मला तारेला हातही लावू दिला नाही. नुसतं बघायचं. मग एक दिवस एकच तार हातात दिली आणि विचारलं, "कुटून निगाला, कुटं चालला?"

हा त्यांचा जगण्याचाच प्रश्न होता. दूधवाल्यालाही विचारायचे, पाहुण्यालाही विचारायचे. तारेच्या बाबतीत मात्र उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नसे.

त्यांनी कपाटातल्या प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. जो मूळ आवाज काढतो तो 'बोंबल्या'. "ह्यो दिवसरात बोंबलतो. ऐकनारं कुनी असो नसो." बोंबल्याचा आवाज 'चाळणी'त न्यायचा, ती चरचर, कचकच बाजूला काढते, हवं तेवढंच पुढं सोडते. चाळणीतून 'दाराशी'. दार उघडलं तर आवाज बाहेर, बंद असलं तर आत कोंडलेला. आणि दार उघडायला 'दरवान', तो हळू उघडणार की धाडकन, ते आपण ठरवायचं. बोंबल्या, चाळण, दार, स्पीकर: एवढा एक रस्ता पाठ झाल्याशिवाय दुसरा दाखवायचे नाहीत.

"आता नीट ऐका मास्तर. तारा सगळ्या सारक्याच दिसत्यात. पन काही तारांतून आवाज जातो आन् काहींतून हुकूम. दरवानाकडून दाराला जी गेली तिच्यात आवाज न्हाई, हुकूम हाय. हुकूम स्पीकरात घालायचा नसतो. तहसीलदाराचा कागद कुनी भाकरीबरोबर खातं का?"

आणि बाहेर पडायच्या भोकातली तार दुसऱ्या बाहेर पडायच्याच भोकात कधी घालायची नाही. मी विचारलं, "घातली तर काय होतं?"

"दोन नळ तोंडाला तोंड लावून सोडल्यावर पानी कुनी प्यायचं?"

"पण जळतं का काही?"

"बऱ्याचदा न्हाई जळत," अप्पा म्हणाले आणि थांबले. "बऱ्याचदा."

एकाचा आवाज चौघांना वाटून द्यायला त्यांची हरकत नव्हती. चौघांचा आवाज एकात घालायचा असेल तर मात्र मिक्सर पाहिजे. "एकानं बोलावं, गावानं ऐकावं. गावानं एकाच्या कानात बोललं की त्यो येडा होतो. माजं तसंच झालतं एक्स्चेंजात."

आता एवढी शिकवणी झाल्यावर मी जे केलं ते सांगायलाच पाहिजे. अप्पा देवपूजेला बसलेले. मला घाई. मी चाळण, दार सगळं ओलांडून बोंबल्याला थेट स्पीकरात घातलं, आणि स्पीकरचा आवाज उतरवायचा विसरलो. जो काही फटाका झाला, त्यानं काकूंच्या हातातलं पोह्यांचं ताट पडलं, शेजारचे शिंपी मशीनवरून उठून रस्त्यावर आले आणि स्पीकरचा पडदा टरकन फाटला. अप्पा ओल्या पंच्यानं बाहेर आले. मला वाटलं आता खोली गेली. त्यांनी आधी माझ्या दोन्ही कानांजवळ टिचक्या वाजवून बघितल्या, मला ऐकू येतंय याची खात्री केली, आणि म्हणाले, "स्पीकर गेला तर दुसरा मिळतो. कानाचं दुकान बीडात न्हाई." मग पूजेला परत गेले. त्या दिवसापासून माझा हात आधी आवाज उतरवतो आणि मगच तार उचलतो. आमच्या पार्टीतली पोरं मला त्यावरून अजून चिडवतात.

त्यांच्या देवघरात शिवलिंगाच्या शेजारी एक जळकी सर्किटपाटी ठेवलेली होती. रोज तिलाही बेलाचं पान. मशीनच्या मागच्या बाजूला प्रत्येक भागाला वीज देणारी एक चपटी पट्टी असते, तिच्या एका कडेला लाल रेघ असते. अप्पा तिला 'काठ' म्हणायचे. काठ खालच्या अंगाला आला पाहिजे. वरच्या अंगाला गेला की वीज उलटी शिरते आणि तो भाग जागीच मरतो. अप्पांनी नव्यानव्यानं एकदा तो काठ उलटा लावला होता, तीच ही पाटी. "देवाला रोज काय मागायचं ते आपुन इसरतो," ते म्हणायचे, "पन हिच्याकडं बगितलं की याद ऱ्हाती. आदी मेन बटन बंद, मग मागं हात."

आणि तार ओढायची नाही, टोकाला धरायची. "गळा धरा, शेपूट न्हाई." हे वाक्य त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता इस्त्रीची पिन काढतानाही मला ऐकू येतं.

पण या सगळ्या नियमांचा राजा वेगळाच होता. काम संपलं की सगळ्या कॉर्ड काढायच्या. अप्पा तारेला शेवटपर्यंत कॉर्डच म्हणाले. एकही राहू द्यायची नाही. मग सगळी बटणं डावीकडं, शून्यावर. मग कॉर्ड जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायच्या आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लांबीप्रमाणे लावायच्या, डावीकडं आखूड, उजवीकडं लांब. हातानं जोडायच्या एक्स्चेंजात बोलणं संपलं की कॉर्ड उतरवावीच लागे. नाही उतरवली तर दोन्हीकडची लाइन अडकून पडायची. एकदा म्हणे एका ऑपरेटरनं कॉर्ड तशीच ठेवली आणि एका घरी वडील गेल्याचा निरोप पोचायला उशीर झाला. तो ऑपरेटर कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांचं उठणंबसणंही त्याच पद्धतीचं. लग्नात, सत्यनारायणात, कुठंही बोलणं संपलं असं त्यांना वाटलं की समोरच्याचं वाक्य अर्धं असतानाच उठायचे. "चला, कॉर्ड काडतो." लोक नाराज व्हायचे. आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला मी त्यांना आग्रह करकरून नेलं. मला वाटत होतं त्यांनी मशीन आणावं, स्टेजवर बसावं, लोकांना एकदा दाखवावं. मशीन काही आणलं नाही. एकटेच आले, आमच्या साउंडवाल्याच्या सगळ्या तारा बारकाईनं बघितल्या, त्यातल्या निम्म्या काढून पुन्हा लावल्या, मुख्य आवाज खाली आणून एक एक तार घालायला लावली. साउंडवाला माझ्याकडं खाऊ की गिळू असा बघत होता. त्या दिवशी आमच्या स्पीकरमधली घरघर कायमची गेली. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत अप्पा म्हणाले, "चला, कॉर्ड काडतो," आणि चालत घरी गेले. गाण्यात त्यांना गोडीच नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग हा माणूस एवढं मशीन करून त्यावर काय वाजवतो?

ते काहीच वाजवत नव्हते. ते एक गिरणी बनवत होते.

काकू तलवाड्याच्या. त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. ज्यांनी त्या गिरण्या ऐकल्यात त्यांना सांगायला नको. छपरावर आलेल्या पाइपातून 'पुक… पुक… पुक…' असा आवाज शिवारभर जायचा आणि त्यावरून बाया ठरवायच्या की दळण न्यायचं का नाही. पुढं विजेची मोटर आली, इंजिन भंगारात गेलं, वडीलही गेले. काकू लग्न होऊन बीडला आल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात अप्पांनी विचारलं होतं, करमतं का? काकू म्हणाल्या होत्या, "इथं लई शांत हाय. झोप लागत न्हाई." एवढंच. त्यानंतर त्यांनी आयुष्यात तक्रार केली नाही. पण अप्पांनी ते वाक्य कुठंतरी लावून ठेवलं होतं आणि त्याची कॉर्ड काही काढली नाही. निवृत्त झाल्यावर कामाला लागले.

हे मला काकूंनीच सांगितलं, लाजत लाजत, कढीपत्ता खुडत.

मग रविवारच्या दुपारची मजा मला कळायला लागली. जेवणं झाली की अप्पा मशीनपुढं बसायचे. काकू उंबऱ्यापाशी सूप घेऊन डाळ निवडत. मी मधे. अप्पा आवाज उतरवायचे, कॉर्ड लावायचे, हळूहळू आवाज चढवायचे. पुक… पुक… पुक… काकू मान खाली घालून ऐकायच्या. अप्पा त्यांच्याकडं असे बघायचे की परीक्षेचा निकाल लागायचाय.

"गिरणी हाय," काकू म्हणायच्या. "पन आमची न्हाई."

"कावून न्हाई?"

"आमच्या पट्ट्याला जोड होता. बाबांनी चामड्यानं शिवलेला. जोड आला की फट्ट वाजायचं."

मग पुढचे कितीतरी रविवार त्या फट्टमध्ये जायचे. अप्पा दुसरा एक बोंबल्या घ्यायचे, त्याला दुसरा दरवान, दोघांची गाठ मिक्सरात. फट्ट आलं की काकू म्हणायच्या, "दळन पडलं की इंजिन दम खातं. ह्ये दम खात न्हाई." अप्पा दम खाण्यासाठी एक वेगळा हुकूम बोंबल्याकडं पाठवायचे, म्हणजे आवाज जरासा बसे आणि पुन्हा उठे. ते जमलं की काकू डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणायच्या, "आता लई जवळ आली. पन न्हाई."

"काय ऱ्हायलं मग?"

"ते मला कुटं सांगता येतंय? आमची असली की कळंल."

मला कधीकधी काकूंचा राग यायचा. म्हातारा माणूस एवढा खपतोय, एकदा 'होय' म्हणून टाकलं तर काय बिघडतं? एकदा मी त्यांना तसं म्हणालोही. काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. "खोटं सांगू? त्यांना?" मग मी पुन्हा तो विषय काढला नाही.

संध्याकाळी अप्पा सगळं उतरवायचे. कंबर धरल्यापासून वरच्या खिळ्यांना त्यांचा हात पोचायचा नाही, म्हणून तारा लावायचं काम काकूंकडं आलं होतं. काकूंना त्याचा फार अभिमान. नुसत्या बोटांनी चाचपून कुठली कॉर्ड कितवी ते सांगायच्या. मी एकदा म्हणालो, "अप्पा, निदान जवळ आलेली तरी ठेवा. फोटो काढू का?"

"फोटोत बटन दिसतं. किती केसभर फिरवलं ते दिसत न्हाई."

"मग मोबाईलवर आवाज धरून ठेवतो."

"मुंगीच्या पोटात म्हैस बसवता का मास्तर?" ते म्हणाले. "आन् कावून ठिवायचं? जी तिची न्हाई ती ठिवून काय करायची?"

गेल्या वर्षी निवडणुकीची ड्यूटी लागून मी आष्टीकडच्या एका केंद्रावर गेलो होतो. काकूही त्याच दिवसांत बहिणीकडं आष्टीलाच होत्या. घरी अप्पा एकटे. परत यायच्या दिवशी शिंप्यांचा फोन आला: अप्पांना छातीत दुखायला लागलं, सरकारी दवाखान्यात नेलंय. मी बसमधून उतरलो तो थेट तिकडंच गेलो. काकूंना त्यांच्या भाच्यानं गाडीनं आणलं होतं, पण त्या कपडे आणि गोळ्यांची पिशवी घ्यायला आधी घरी थांबल्या होत्या. म्हणून मी त्यांच्या आधी पोचलो.

अप्पा पडून होते. नाकाला नळी, हाताला सलाइन. मला बघून त्यांनी बोटानंच जवळ बोलावलं. चेहरा असा की माणूस दवाखान्यात नाही, मांडवात बसलाय.

"सापडली," ते म्हणाले.

"काय?"

"गिरणी. तिची. मास्तर, भिंत इसरलो होतो आपुन."

मला काही कळेना.

"गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचं घर. ती कुटं झोपायची? भिंतीच्या ह्या अंगाला. आन् आपुन इंजिनापुढं हुबं ऱ्हाऊन बनवत होतो. तिनं इंजिन ऐकलंच न्हाई कधी, भिंतीतून आलेलं ऐकलं. सगळं चाळणीतून पुन्हा नेलं. आजून एक केलं, त्ये सांगतो…" त्यांना धाप लागली. जरा थांबून ते म्हणाले, "मेन बटन तेवडं बंद केलं, कॉर्ड काडल्या न्हाईत. पैल्यांदाच. बटनांना हात लावू नका कुनी. घरी गेलो की उंबऱ्यात बसवतो तिला. तोवर तिला सांगू नका."

मी हो म्हणालो. मी त्यांचा हात धरला होता. मला खरंच इतका आनंद झाला होता की ते कशासाठी तिथं पडलेत हे मी क्षणभर विसरलो.

तेवढ्यात काकू आल्या. पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, अप्पांच्या कपाळावर हात ठेवला. घाबरलेल्या होत्या, पण त्यांना धीर द्यायचा होता. आणि अप्पांना कशानं धीर येईल हे काकूंइतकं कुणाला माहीत होतं?

"येवडं दुखत असंल तवाच तर मशीन तसंच टाकून आलात," त्या म्हणाल्या. "सगळ्या कॉर्ड लटकत होत्या. तुमी आन् कॉर्ड ठिवाल? मला बगूनच रडू आलं. मी समद्या काडल्या, पुसल्या, बटनं शून्यावर आनली. तुमी फिकीर करू नका."

मी अप्पांकडं बघितलं. न बघता राहवलं नाही. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलल्यासारखे झाले. मला वाटलं, आता सांगतील. सांगायलाच पाहिजे होतं, सांगितलं असतं तर कुणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं:

"लांबीपरमानं लावल्यास?"

"लावल्या की. आखूड डाव्या अंगाला."

"गळा धरून काडल्यास?"

"न्हाईतर काय शेपटीला धरून?"

"मग बरं केलंस," अप्पा म्हणाले.

काकू थर्मास उघडायला वळल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून जरासं हसून हळूच म्हटलं, "रस्ता ठाऊक झालाय. पुन्हा लावू." ते 'आजून एक' काय केलं होतं, हे विचारायला मी तोंड उघडणार, तोवर नर्स आली आणि आम्हाला बाहेर काढलं. त्यानंतर काकू त्यांच्या उशापासून हलल्याच नाहीत, आणि त्यांच्यासमोर विचारता येईना. दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा गेले.

अप्पांना मूठमाती दिल्यावर, लोक पांगले तेव्हा शिंपी माझ्याजवळ आले. म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी अप्पांच्यात कुनाची गिरणी आनलीती का? आमच्या भिंतीतून यायला लागली. पुक पुक, पुक पुक. मी मशीन बंद करून ऐकत बसलो. झोपच लागली मला." मी त्यांचे हात धरले आणि काकूंना यातलं काही बोलू नका म्हणून विनवलं. ते कधी बोलले नाहीत. तो आवाज या जगात ऐकला तो अप्पांनी आणि या शिंप्यांनी. आणि शिंपी तलवाड्याचे नव्हेत.

मला वाईट कशाचं वाटतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. अप्पा गेले त्याचं तर वाटतंच. पण काकूंनी काही चूक केली असती, तर रागवायला तरी जागा राहिली असती. ज्या हातांनी आवाज मोडला, ते हात अप्पांनीच शिकवून तयार केले होते, आणि त्यांनी अगदी शिकवल्याप्रमाणे केलं. काकूंना जवळचं दिसत नाही आणि चष्म्याचा कंटाळा आहे, म्हणून पेपर रोज मीच वाचून दाखवतो. हे लिहिलेलं मात्र वाचून दाखवणार नाही.

मशीन अजून तिथंच आहे. नातेवाईक म्हणाले, विकून टाका, खोली मोकळी होईल. काकू म्हणाल्या, "मास्तर हायत की." त्यामुळं आता रविवारी जेवणं झाली की मी मशीनपुढं बसतो. काकू उंबऱ्यापाशी सूप घेऊन. देवघरातल्या जळक्या पाटीला पान वाहिलेलं असतं, ते काकू वाहतात. मी आवाज उतरवतो. बोंबल्या, चाळण, दार, दरवान. पट्ट्याचा फट्ट. दम खाण्याचा हुकूम. सगळं मिक्सरात गोळा करून पुन्हा एकदा चाळणीतून नेतो, आणि चाळण मिटत मिटत आणतो, भिंत उभी करत आणतो.

पहिल्यांदा मी ती भिंत घातली तेव्हा काकूंचं सूप थांबलं. मान वर आली. इतक्या वर्षांत गिरणी ऐकताना मी त्यांची मान कधी वर आलेली बघितली नव्हती. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मी बटण तिथंच धरून ठेवलं.

"ह्ये कुनी शिकवलं तुमाला?"

"अप्पांनी."

"हं." पुन्हा ऐकलं. "लई जवळ आली. लई म्हंजी लईच." मग मान हळूहळू खाली गेली आणि सूप पुन्हा वाजायला लागलं. "पन आमची न्हाई. ऱ्हाऊ द्या, वाईट वाटून घेऊ नका. त्यांनाबी कुटं सापडली?"

सापडली होती, काकू. हे वाक्य दर रविवारी माझ्या दाताआड येतं आणि मी ते गिळतो. मी आवाज खाली आणतो. एक एक कॉर्ड गळ्याला धरून काढतो, बटणं शून्यावर नेतो. काकू सूप बाजूला ठेवून उठतात, माझ्या हातातून तारा घेतात, अप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसतात, आणि बोटांनी चाचपून चाचपून भिंतीला लावतात, आखूड डावीकडं, लांब उजवीकडं. लावून झालं की जरा मागं सरून बघतात.

"बरोबर लावल्या न्हवं?" त्या विचारतात.

"बरोबर लावल्या, काकू," मी म्हणतो.